टेकरी दाराशी, सूर्यास्त महाबळेश्वरी

देवासच्या एका जुन्या मराठी कुटुंबाच्या गच्चीवर बसून गेल्या हिवाळ्यात आम्ही महाबळेश्वरच्या सूर्यास्ताचे वर्णन ऐकले. मुंबई पॉइंट, तेथील गर्दी, घोडे, मक्याची कणसे आणि मग दरीपलीकडे बुडणारे ते केशरी बिंब. वर्णन रसाळ होते, यात शंका नाही. मात्र ते चालू असताना गच्चीच्या पश्चिमेला देवीची टेकरी उभी होती, तिच्याआड सूर्य उतरत होता आणि मंडळींपैकी एकानेही मान वळवली नाही. टेकरीवरून सूर्यास्त शेवटचा केव्हा पाहिलात, असे आम्ही यजमानांना विचारले. ते चकित होऊन म्हणाले, "टेकरीवर? अहो, टेकरीवर दर्शनाला जातात!"

या उत्तरासाठी हा लेख लिहावा लागत आहे. यजमान सज्जन आहेत आणि आमचे स्नेही आहेत. ते रागावतील, हेही आम्ही जाणतो.

देवासची टेकरी (पुण्याकडचे पाहुणे तिला टेकडी म्हणतात, म्हणोत बापडे) जेमतेम 300 फुटांची. भर शहरात उभी आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, लोकांच्या भाषेत बडी माता आणि छोटी माता. 1728 मध्ये तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी येथे बस्तान बसवले आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या ना त्या पातीच्या चाकरीत होते. कोणाचे कोठार, कोणाची फडणिशी, कोणाची पूजा. त्यामुळे आपल्या कोणत्याही समारंभात टेकरीचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर प्रथम 1912-13 च्या भारतभेटीत येथे आला, 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला आणि 1953 मध्ये त्या आठवणींचे पुस्तक काढले, तेव्हा त्याला नाव दिले ते या टेकरीचे. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाने जर्जर होऊन येथील कोरड्या हवेसाठी आले. गाणे बंद असताना कानावर पडणाऱ्या माळवी लोकगीतांत त्यांना नव्या रागांची बीजे सापडली, आणि 1992 मध्ये देह ठेवीपर्यंत ते या टेकरीच्या पायथ्याशीच राहिले. ही दोन्ही नावे आपण शाल-श्रीफळाच्या प्रत्येक व्यासपीठावरून घेतो. घ्यावीतच. पण एक परका साहेब आणि एक बेळगावकडचा आजारी गवई, या दोघांनी आल्याबरोबर येथे डोळे आणि कान उघडले. आपण जवळजवळ तीन शतके येथे आहोत आणि आपले डोळे अजून सह्याद्रीकडे लागलेले आहेत.

त्या सह्याद्रीविषयीच बोलायचे, तर टेकरीच्या वाटेवर कोठेही उघडा पडलेला खडक पाहावा. हा तोच काळा पाषाण. ज्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्री घडला, त्यांनीच माळव्याचे पठार घडले आहे. सिंहगडाच्या नावाने ज्यांचा कंठ दाटतो, त्यांच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर तोच दगड उन्हात तापतो आहे.

वर जायला पायऱ्या आहेत आणि रपटही आहे. सावकाश चढले तरी अर्ध्या तासाचे काम. दोन्ही देवींना प्रदक्षिणा घालून पश्चिमेच्या अंगाला थांबावे. नैर्ऋत्येस इंदूर, वायव्येस उज्जैन, आणि या दोहोंमधल्या क्षितिजावर सूर्य वर्षभर येरझारा घालतो. मार्गशीर्ष-पौषात तो इंदूरच्या बाजूला सरकतो, ज्येष्ठ-आषाढात उज्जैनच्या बाजूला. दोन्ही शहरांपर्यंत न पोहोचताच माघारी वळतो. मैफलीत मारवा आणि पूरिया ऐकताना माना डोलावणाऱ्या आमच्या कित्येक रसिक मित्रांना पौषातला सूर्य टेकरीवरून नेमका कोठे बुडतो, हे सांगता येत नाही. संधिप्रकाशाचे राग त्यांना ठाऊक आहेत, संधिप्रकाश ठाऊक नाही. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. खाली गहू-हरभऱ्याची हिरवी चौकटी, दूरच्या डोंगरांवर पवनचक्क्या, आग्रा-मुंबई रस्त्यावर एकेक करून लागणारे ट्रकांचे दिवे. बिंब धुळीत शिरले की लाल होते, आणि क्षितिजाला टेकण्यापूर्वीच कधी कधी त्या धुळीत विरूनही जाते. महाबळेश्वराइतके ते देखणे नाही, हे मान्य. पण ते आपल्या गावाचे आहे, आणि अंधार पडेपर्यंत थांबले तर आपलेच घर कोठे ते वरून दिसते.

आता आक्षेप. गुडघे दुखतात, हा पहिला. तो खरा आहे, आणि ज्यांचे दुखतात त्यांनी रोपवेने जावे. रोपवेशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते रोपवेने जाऊन, दर्शन उरकून, वीस मिनिटांत खाली उतरणाऱ्या धडधाकट पन्नाशीच्या मंडळींशी. वर गर्दी असते, हा दुसरा. मुंबई पॉइंटला काय एकांत असतो? तेथील गर्दी सहलीचा भाग आणि येथील गर्दी उपद्रव, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

तिसरा आक्षेप सहसा उघड मांडला जात नाही, आवाज खाली आणून सांगितला जातो: "आता तिकडे आपले कोणी नसते." हे वाक्य आम्ही देवासात ऐकले, इंदुरात ऐकले, ग्वाल्हेरच्या किल्ल्याविषयीही ऐकले. आपले म्हणजे कोण? नवरात्रात कोसकोस अनवाणी चालत येणारा माळवी शेतकरी आपला नाही? कारखान्याची पाळी संपवून बायकोमुलांसह कठड्यावर शेंगा सोलत बसलेला कामगार आपला नाही? पवारांची घोडी येथे येण्यापूर्वी ही टेकरी होतीच. आपण तिच्याकडे आलो, ती आपल्याकडे आली नाही. संस्थान असताना वर जाणे हा मान होता आणि संस्थान गेल्यावर तो कमीपणा झाला, असे तर नाही? आम्हांस तसेच वाटते. संस्थाने 1948 मध्ये विलीन झाली, मनातली पाती मात्र अजून विलीन व्हायची आहे.

याचा परिणाम मुलांवर होतो आहे. त्याच घरातली बारा वर्षांची नात आम्ही हट्टाने टेकरीवर नेली. रोपवेने ती दोनदा गेली होती, पायी कधीच नाही. वर पोहोचल्यावर तिने विचारले, "आजोबा म्हणतात आपण मूळचे सातारकडचे. मग ते तिकडे दिसतं का?" आम्ही तिला दिशा दाखवली, आणि मग तिच्या शाळेचे छप्पर दाखवले. छपरात तिला अधिक रस वाटला. पुढचा अर्धा तास ती एकेक गल्ली ओळखत होती, आणि आम्हांस ठाऊक नसलेल्या दोन वाटा तिने दाखवल्या.

2028 मध्ये पवारांच्या आगमनास 300 वर्षे पूर्ण होतील. स्मरणिका निघेल, भाषणे होतील, बाहेरून पाहुणे येतील. समारंभाच्या आयोजकांना आमची एकच सूचना आहे. उद्घाटनाची वेळ सायंकाळी सहाची ठेवू नये. त्या वेळी आम्ही सभागृहात नसू.

तोवर, येत्या पौषात दर रविवारी पावणेपाच वाजता आम्ही रपटेच्या पायथ्याशी उभे राहू. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून उशीर करू नये. उतरताना थंडी वाजते. शाल आणावी, सत्कारात मिळालेली चालेल. वरील यजमानांनाही निरोप धाडला आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही, पण नात येणार आहे.