मनीला वरचेवर केसांची उलटी होते?

मांजर पाळलेल्या घरात हा प्रकार नवा नसतो. मांजर अंग आखडून खाली वाकते, त्याचे पोट आत-बाहेर होऊ लागते, घशातून 'खॅक् खॅक्' असा आवाज येतो आणि पाहता पाहता सतरंजीवर एक ओलसर, लांबट गुंडाळी पडते. नवख्या माणसाला ती विष्ठाच वाटते. प्रत्यक्षात ते असतात मांजराचेच केस. त्याला गोळा म्हणत असले, तरी अन्ननलिकेच्या अरुंद वाटेने बाहेर येताना त्याला सुरळीसारखा आकार येतो.

असे कधीमधीच होत असेल आणि गोळा टाकून मांजर पुन्हा नेहमीसारखे खाऊ-खेळू लागत असेल, तर काळजीचे कारण नाही. पण दर आठ-पंधरा दिवसांनी हेच होऊ लागले, तर 'मांजरच ते, अंग चाटणारच' असे म्हणून सोडून देणे बरे नव्हे. वरचेवर पडणारा गोळा पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या तक्रारीची सूचना असतो.

केस पोटात जातात कसे?

मांजर जागेपणीचा जवळजवळ चौथा हिस्सा वेळ अंग चाटण्यात घालवते. त्याच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. हे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात आणि त्यांतून लाळ थेट कातडीपर्यंत पोहोचते, असे अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. अंग साफ करायला ही फणी उत्तम. पण काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्यामुळे त्यांत अडकलेले केस बहुधा गिळलेच जातात. केस पचत नाहीत. निरोगी मांजराच्या पोटातून ते आतड्यात सरकतात आणि बरेचसे विष्ठेवाटे निघून जातात. जे मागे राहतात, त्यांचा गुंता होतो.

म्हणजे गोळे वाढण्याची मुख्य कारणे दोन. एक तर पोटात जाणारे केस वाढले, नाहीतर ते पुढे ढकलण्याचे पोटाचे काम मंदावले.

पर्शियन मांजरांसारख्या लांब केसांच्या जातींत पहिले कारण उघडच असते. पण आखूड केसांचे मांजर एकाएकी खूप चाटू लागले, तर पिसवा, कातडीची खाज किंवा घरातल्या बदलांचा ताण यांचा संशय घ्यावा. पिसवा सहज दिसत नाहीत. शेपटीच्या मुळाशी फणी फिरवून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. त्यांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी. मात्र कुत्र्यासाठी आणलेले पिसवांचे औषध मांजराला कधीही लावू नये. त्यातले परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकते.

दुसरे कारण आतले असते. आतड्याला जुनाट सूज असली किंवा एखादे अन्न सोसत नसले, की केस पुढे सरकत नाहीत. वजन उतरणे, पातळ शी होणे, भूक कमी-जास्त होणे ही त्याची लक्षणे. उतारवयाच्या मांजरात याकडे विशेष लक्ष द्यावे.

घरी काय करता येईल?

सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे फणी. जो केस फणीत आला, तो पोटात गेला नाही, हा साधा हिशेब. लांब केसांच्या मांजराला रोज आणि आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून एक-दोनदा विंचरावे. घट्ट जटा कात्रीने कापू नयेत. मांजराची कातडी सैल व पातळ असते, ती जटेबरोबर ओढली जाते आणि चटकन कापते.

पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून जरा दूर ठेवावीत. कोरड्या दाण्यांबरोबर ओला आहारही द्यावा. उकडलेली कोंबडी किंवा मासे द्यायचे, तर काटे-हाडे काढून, बिनमिठाचे द्यावेत. त्यात कांदा-लसूण मुळीच नको, तो मांजराला विषारी असतो. एकदम पोटभर देण्यापेक्षा थोडे थोडे, अधिक वेळा द्यावे. तंतुमय पदार्थ जास्त असलेले खास खाद्य किंवा गोळ्यावरची पेस्ट मिळते. त्यांचा काही मांजरांना उपयोग होतो, पण प्रमाण पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे.

गोळा सुटावा म्हणून खोबरेल किंवा पॅराफिन तेल मांजराच्या घशात ओतू नये. ते श्वासनलिकेत उतरले, तर न्यूमोनिया होतो. माणसांची जुलाबाची औषधेही देऊ नयेत.

गोळाच आहे ना?

घशाचा आवाज झाला, पण दरवेळी बाहेर काहीच पडले नाही, तर सावध व्हावे. मान पुढे ताणून, जमिनीलगत बसून मांजर कोरडे खोकत असेल, तर तो दमा असू शकतो. अशा घरात उदबत्ती, धूप आणि डासांच्या कॉइलचा धूर टाळावा आणि मांजराला तपासून घ्यावे.

दुसरा धोका दोऱ्याचा. गजऱ्याचा दोरा, शिवणाची रिळे, सणातल्या सजावटीच्या झिरमिळ्या मांजर खेळता खेळता गिळते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नये. ओढल्यास आतडे आतून चिरले जाते. तसेच पशुवैद्यांकडे न्यावे.

पुन्हा पुन्हा उलट्या, पोट ताठ लागणे, शी न होणे, मलूल पडून राहणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण गोळा आतड्यात अडकला असेल तर शस्त्रक्रियाही करावी लागते. मांजराने चोवीस तास अन्नाला तोंड लावले नाही, तरी थांबू नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते काही दिवसांतच गंभीर आजारी पडते. तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब नको.

दुधाचे खाडे मांडतात त्याच कॅलेंडरवर मनीच्या उलटीचीही खूण करावी. तारीख, गोळा पडला की नुसते पाणी, त्या दिवशी काय खाल्ले, एवढे पुरे. खोकल्याची उबळ आली की मोबाइलवर टिपून ठेवावी, कारण दवाखान्यात मांजर नेमके गप्प बसते. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. दोन महिन्यांची ही नोंद पशुवैद्यांपुढे ठेवली, तर निम्मे निदान तिथेच होते.