पायाखालची फळी

बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय पुण्यात गेली काही वर्षे अधूनमधून पेट घेतो. पाडायचे की डागडुजी करायची, प्रेक्षागृहे किती, वाहनतळ केवढा, यावर बोलून बोलून घसे बसले. १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी झालेली आणि १९६८ मध्ये खुली झालेली ही वास्तू. तिच्याबद्दल पुणेकर हळवा होणारच. पण या सगळ्या गदारोळात तिथे नाचणाऱ्या पायांची चौकशी कुणी केल्याचे दिसत नाही.

वास्तविक हे शहर नाटक आणि गाण्याइतकेच नाचाचेही आहे. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पायात घुंगरू बांधणे म्हणजे घराण्याचे नाक कापणे, असे मानणाऱ्या काळात, १९४७ मध्ये रोहिणी भाटे यांनी येथे ‘नृत्यभारती’ सुरू केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून घेतलेली विद्या त्यांनी मराठी घरांत रुजवली. सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या भोसले राजांच्या मराठी रचना भरतनाट्यमच्या मंचावर आणल्या. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य शिकवले जाते. आणि ‘बालगंधर्व’च्या तिकीटबारीला लावणीने किती हात दिला, हे तिथल्या जुन्या व्यवस्थापकांना विचारावे.

या सगळ्यांची गरज एकच आणि साधी: पायाखाली लाकूड. तेही काँक्रीटवर चिकटवलेले नव्हे, तर खाली पट्ट्या आणि पोकळी ठेवून बसवलेले. पाय पडला की किंचित दबणारे. कथकची मुलगी तासभर तत्कार करते तेव्हा टाच शेकडो वेळा आपटते. खाली फरशी असेल तर तो मार घोटा, गुडघा, कंबर असा वर चढत जातो. सतरंजी घातली तर चक्कर घेताना तिची कड पायात येते आणि घुंगरांखालचा पायाचा नाद मरतो. आदल्या प्रयोगाच्या नेपथ्याचा खिळा फळीतून डोके काढून असतो, तो वेगळाच. म्हणून प्रयोगाआधी नर्तकी मंचावर अनवाणी फिरून तळपायाने फळ्या चाचपतात. सभा-सत्काराला आलेल्या पाहुण्यांना हे कळायचे कारण नाही. ते बूट घालून येतात.

मंचाची ही गत, तर तालमीचे काय? क्लास भरतात सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळा सुटल्यावर बाके भिंतीला लावलेल्या वर्गात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना दरवर्षी मुली बसतात. दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचा उत्साहही वाढला आहे. गुण मिळाले की घुंगरू माळ्यावर, हे त्यातले दुखणे. ज्या मुलीला गुणांपलीकडे नाचायचे आहे आणि फी परवडत नाही, तिला जायला जागा नाही. नव्या शैक्षणिक धोरणात कलाशिक्षणाचे गोडवे बरेच आहेत. महापालिकेच्या शाळेत त्यातले काय उतरले, ते वेळापत्रक पाहून ठरवावे.

महापालिकेकडे कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, बिबवेवाडीचे अण्णाभाऊ साठे स्मारक आहे. नाट्यगृहांना तोटा नाही. पण ही व्यवस्था तारखा वाटणारी आहे, शिकवणारी नाही. मुंबईत जुहूला कनक रेळे यांनी उभारलेल्या ‘नालंदा’त नृत्याची विद्यापीठीय पदवी मिळते. जे खासगी जिद्दीने झाले ते सार्वजनिक पैशाने होऊ नये, हे पटत नाही. ‘बालगंधर्व’चे पुढे जे काही व्हायचे ते होवो, त्यात लाकडी जमिनीचे दोन तालीमकक्ष हवेत, ते तासाच्या माफक भाड्याने मिळावेत आणि दुपारची वेळ महापालिका शाळांतील मुलांसाठी मोफत राखलेली असावी. त्यापायी दुकानांच्या गाळ्यांचे उत्पन्न थोडे घटेल. घटू द्यावे.

आराखड्यावर सही करण्यापूर्वी आयुक्तांनी एखाद्या सकाळी, बूट काढून, त्या मंचावर दहा मिनिटे चालून यावे.