कागद जोडा, पण धुऱ्यावरही या

तूर घरात आली, हात जरा मोकळा झाला. म्हणून आज फवारणीचं नाही, मोजणीचं लिहितो.

परवा पारावर एक शिकलेला पोरगा म्हणे, "काका, आधार आहे, रेशनकार्ड आहे, सातबारा ऑनलाईन आहे, शेतकरी आयडी निघाला. हे सगळं एकमेकाला जोडलं तर माणसं मोजायला घरोघरी मास्तर काहून पाठवायचे?" त्याचं अगदीच चूक नाही. डेन्मार्कनं 1981 ची जनगणना अशीच, सरकारी नोंदी जोडून केली. पण तिथं 1968 पासून प्रत्येकाला एक नंबर आहे. आपल्या इकडचं माझंच सांगतो.

माझं वावर दोन गावांच्या शिवारात. एका सातबाऱ्यावर नाव पूर्ण, दुसऱ्यावर अर्धं, अन् आधारवर आडनावाची वेलांटी भलतीच. आयडी काढताना तीन चकरा झाल्या, तेव्हा कुठे दोन्ही गट एका नंबराखाली आले. तोवर सरकारदरबारी मी दोन कास्तकार होतो, दोघंही अल्पभूधारक! 1970-71 पासून दर पाच वर्षांनी कृषी गणना होते, अन् महाराष्ट्रात ती जमिनीच्या नोंदींवरून होते. एका माणसाचं दोन गावांतलं वावर एकत्र धरायचा नियम त्यात आहे. पण नावच जुळत नसेल तर तलाठी तरी काय करील? एवढ्यासाठी नोंदी जोडणं चांगलंच.

पण त्याच गणनेत कास्तकार म्हणजे जो वावर करतो तो, मालक कोण ते बघायचं नाही. मी शेजारचं चार एकर मक्त्यानं करतो, बोली तोंडी. बी-खत माझं, सोयाबीन माझं, ई-पीक पाहणीत नाव मालकाचं. मालक राहतो शहरात. कितीही कागद जोडा, ते चार एकर माझ्याकडं दिसणार नाहीत. 2015-16 च्या गणनेत देशात बायांच्या नावची वहिती शंभरात चौदाच निघाली. निंदणाला वावरात कोण असतं, ते तुम्हीच बघता.

आता माणसांचं. 2027 च्या फेब्रुवारीत जनगणनेची मोजणी ठरली आहे. मागची 2011 चीही 9 ते 28 फेब्रुवारीतच झाली. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवरची कितीतरी घरं कामाला बाहेर पडतात, कोणी ऊसतोडीला, कोणी बांधकामावर. मोजणीचे सगळे दिवस जो बाहेर, तो जिथं असेल तिथं मोजायचा. फडातल्या कोपीपर्यंत मास्तर पोचला तर ठीक, नाही तर ते घर ना इथं ना तिथं. अन् रेशनचा राज्याचा कोटा 2011 च्या लोकसंख्येवर बसवलेला! इथं मात्र नोंदी खऱ्या कामी येतील. धान्य कोणत्या तालुक्यात उचललं, लेकरू कोणत्या शाळेत बसलं, यावरून कोण सुटलं ते कळेल अन् पुन्हा जाऊन मोजता येईल.

लोक भितात ते दुसऱ्याच गोष्टीला. गावात एका म्हातारीचं नाव दोन कागदांवर जुळलं नाही, तर दोन महिने रेशन बंद. जोडणी म्हटलं की तिला तेच आठवते. 1948 च्या जनगणना कायद्यात कलम 15 आहे. तुम्ही सांगितलेली माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. नोंदी जोडून बनलेल्या यादीलाही हेच लागू, असं कायद्यात साफ लिहून पाहिजे. रेशनच्या नोंदी मोजणीकडं जाऊ द्या, मोजणीतलं काही रेशनच्या यादीकडं येऊ नये. हे लिहिल्याशिवाय म्हातारी दारातल्या मास्तरला खरं सांगणार नाही, अन् तिच्या जागी मीही सांगणार नाही.

कृषी खात्याची मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. मोजणीला याल तेव्हा सातबारा बघाच. पण मालकाला फोन लावायच्या आधी धुऱ्यावर येऊन विचारा, हे वावर कोण करते. अन् मक्त्यानं, बटईनं करणाऱ्यांनो, तुमचं किती एकर कोणत्याच कागदावर नाही, ते खाली लिहा. माझे चार झाले.