बिडीचा घसा म्हणून सोडू नका. स्वरतंतूचा कॅन्सर लवकर सापडला तर लेसरने एका बैठकीत उपचार

आवाज बसला की आपल्याकडे काय होतं? आधी हळद-दूध, मग मेडिकलमधल्या गोळ्या, मग ‘बिडीचा घसा आहे, असाच राहणार’ म्हणून विषय बंद. सर्दीने बसलेला आवाज बहुतेक वेळा दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे झाले तरी घोगराच असेल, आणि माणूस बिडी-सिगारेट ओढणारा असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने तपासून घ्यायलाच हवं.

स्वरतंतूचा कॅन्सर अगदी बारीक असतानाच आवाज बदलतो. पोटातला किंवा फुफ्फुसातला कॅन्सर इतक्या लवकर सहसा कळत नाही. शिवाय सुरुवातीला हा आजार मानेच्या गाठींत क्वचितच पसरतो. पहिल्या टप्प्यात उपचार झालेल्या 100 पैकी साधारण 85 ते 95 जणांना पाच वर्षांनंतरही त्या जागी कॅन्सर परत आलेला नसतो.

या टप्प्यावर उपचार दोन. एक, तोंडातून नळी घालून लेसरने गाठ काढणं. बाहेरून गळ्यावर चीर नाही. दुसरा शेक, म्हणजे रेडिएशन. बरं होण्याचं प्रमाण दोन्हीत जवळपास सारखंच. मग फरक कुठे?

फरक दिवसांत आहे. शेक आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे घ्यावा लागतो. रोज जाणं-येणं किंवा शहरात खोली, सोबत घरातला एक माणूस, दोघांची मजुरी बुडालेली. हंगामात तर ते परवडतच नाही, आणि शेक अर्धवट सोडला तर सगळंच वाया जाऊ शकतं. लेसरचं काम बहुतेकदा एका बैठकीत होतं, एक-दोन दिवसांत माणूस घरी. तालुक्याच्या माणसासाठी हा मुद्दा लहान नाही, पण दवाखान्यात तो कुणी मोजत नाही.

दुसरं, कॅन्सर परत आलाच तर काय. लेसरनंतर पुन्हा लेसर करता येतं, शेकही हातात शिल्लक असतो. शेक मात्र त्याच जागी सहसा दुसऱ्यांदा देत नाहीत. मग पूर्ण स्वरयंत्र काढून गळ्याला कायमचं भोक ठेवण्याची वेळ जास्त येते.

पण लेसर सगळ्यांनाच चालतं असं नाही. दोन्ही स्वरतंतू जिथे पुढे जुळतात तिथे गाठ असेल तर ती पूर्ण काढणं अवघड जातं. जास्त भाग काढावा लागला तर आवाज कायमचा भसाडा होतो, तिथे शेकानंतरचा आवाज बरा राहू शकतो. कीर्तनकार, शिक्षक, बाजारात ओरडून माल विकणारा, यांनी हे आधीच विचारावं. शिवाय लेसरची मशीन आणि ती चालवणारा सरावाचा हात, दोन्ही मोठ्या शहरातच मिळतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि शेक दोन्ही येतात. लेसर त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार आणि तुकडा तपासणीचा रिपोर्ट सोबत ठेवा. बिडी मात्र त्याच दिवशी बंद; उपचारानंतरही ओढत राहिलं तर कॅन्सर पुन्हा होण्याचा धोका वाढतो. पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही, आवाज चांगला सुटला असला तरी.