पावणेदोन तासांचा हिशेब



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळ बेलोऱ्याला मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले. मुंबई-बेलोरा हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर, वेळ पावणेदोन तास. रेल्वेने बडनेऱ्याहून हेच अंतर ६६० किलोमीटरच्या आसपास भरते आणि अख्खी रात्र गाडीत जाते. विमान आले, चांगले झाले. शेतकऱ्याच्या पोराने विमानात बसू नये, असे म्हणणारे आम्ही नव्हे.

पण हिशेब पुरा मांडा. बेलोऱ्याची धावपट्टी झाली १९९२ मध्ये. म्हणजे पावणेदोन तासांचा प्रवास सुरू व्हायलाच ३३ वर्षे लागली. आणि हे पावणेदोन तास धावपट्टी ते धावपट्टी. धारणीच्या माणसाला मेळघाट उतरून अमरावती गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. अंतर मोजायचे ते माणसाच्या दारापासून. नाहीतर तो हिशेब तिकीट विकणाऱ्याचा, प्रवाशाचा नव्हे.

आता कापसाचे बघा. कापूस विमानात बसत नाही. साधारण ५ क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की १७० किलो रुईची एक गाठ होते. ती ट्रकने नाहीतर रेल्वेनेच जाणार. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराला पोचावा म्हणून इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूरहून यवतमाळला ११३ आणि अचलपूरला ७६ किलोमीटरची शकुंतला गाडी टाकली. ती गेली काही वर्षे बंद पडून आहे. माणसासाठी आकाशात वाट झाली, मालाची जमिनीवरची वाट मात्र गवतात गेली.

निर्णयांना मात्र विमानाचीही गरज नसते. १९ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. तेव्हा आमची कपाशी पात्या-फुलांवर होती. अशी बातमी गावच्या बाजारात पोचायला पावणेदोन तासही लागत नाहीत.

उलट दिशेचा प्रवास बघा. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. तो घ्यायचा तर आधी मोबाईलवर नोंदणी, मग केंद्रावर पाळी, मग ओलाव्याची तपासणी. ओलावा १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. तोवर वेचणीची मजुरी थांबत नाही, दुकानदाराची उधारी थांबत नाही. मग तोच कापूस मिळेल त्या भावाने खासगी काट्यावर जातो. कापूस महामंडळाचे मुख्यालय नवी मुंबईत आहे. तिथला अधिकारी पावणेदोन तासांत वऱ्हाडात उतरू शकतो. हमीभावाला वावरापासून खात्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, याचे वेळापत्रक कोणी छापावे?

म्हणून जिल्हा मेळाव्यात तीन गोष्टी ठासून मांडू. एक, नोंदणीपासून पैसे खात्यात येईपर्यंतचे दिवस सरकारने केंद्रवार जाहीर करावेत. दोन, शकुंतलेचा मार्ग रुंद करून मालासाठी सुरू करावा. तीन, पीक उभे असताना आयातीचे नियम बदलू नयेत.

विमान जरूर उडू द्या. पण जिल्ह्याची प्रगती किती झाली हे आम्ही बेलोऱ्याच्या धावपट्टीवर मोजणार नाही, कापसाच्या चुकाऱ्याच्या तारखेवर मोजू.