आधी आईला टोचा

वीकेंडला हलकंफुलकं लिहावं असा आपला रिवाज, पण आजचा विषय आहे डुकरीण आणि तिची लस. थांबा, लगेच पान बंद करू नका, विषय शेवटी आपल्याच घरात येणार आहे :-)

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात अँटीबॉडीज जवळजवळ शून्य असतात. डुकरिणीच्या वारेची रचनाच अशी की त्या पलीकडे जात नाहीत. म्हणजे नवाकोरा पीसी, अँटीव्हायरसशिवाय थेट नेटला जोडलेला! सगळी भिस्त पहिल्या दुधावर, म्हणजे चिकावर. तोही साधारण पहिल्या २४ तासांत पोटात जायला हवा, कारण नंतर आतड्यातून अँटीबॉडीज रक्तात शिरत नाहीत. (गाईचंही तसंच. दादरला आपण मिटक्या मारत खातो तो खरवस म्हणजे मुळात वासराचं संरक्षण.)

२०१३ साली अमेरिकेत डुकरांच्या जुलाबाचा एक व्हायरस पोचला, पीईडी नावाचा. आठवड्याच्या आतली पिल्लं जवळजवळ सगळी दगावत. वर्षभरात सुमारे ७० लाख पिल्लं गेली. बरं, पिल्लाला लस टोचावी तर त्याच्या शरीराला अँटीबॉडीज बनवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि व्हायरस तेवढा थांबत नाही. मग उपाय काय? व्यायच्या काही आठवडे आधी आईला लस द्यायची. तिच्या दुधातल्या अँटीबॉडीज पिल्लाच्या आतड्यातच व्हायरसला अडवतात. हे शंभर टक्के चालतं असं नाही. आईला तो व्हायरस आधी भेटलेला असेल तर लस जास्त चांगली लागू पडते. पण तत्त्व पक्कं आहे.

आता माणसांकडे येऊ. आपलं डिझाइन बरं आहे: आईच्या अँटीबॉडीज वारेतून बाळाला मिळतात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत जास्त. गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन याच तत्त्वावर चालतं. आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं भारताबाबत २०१५ मध्ये जाहीर झालं, त्यात या साध्या सुईचा मोठा वाटा आहे. ती सुई कुणी नाकारत नाही. आजीसुद्धा "घेतलंस का गं?" म्हणून विचारते.

फ्लूच्या लशीचं नाव काढा, की तीच आजी म्हणते, "या दिवसांत कशाला उगाच सुया?" आणि आपण, पोरं इंजिनियर-एमबीए, मान डोलावतो.

खरं तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याचं संरक्षण फक्त आईमार्फत. शिवाय गरोदर बाईला स्वतःलाच फ्लू जास्त भारी पडतो. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, त्या साथीत जगभर हेच दिसलं. २०१२ पासून जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांना या लशीसाठी अग्रक्रम द्या म्हणते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये त्यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. टोचायची लस मेलेल्या व्हायरसची असते. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लशी गरोदरपणात देत नाहीत, ती भीती वेगळी आणि रास्त आहे. दोन्हींची गल्लत नको, इतकंच.

गंमत बघा, एकट्या परळमध्ये १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, १८९९ पासून हाफकिनची प्रयोगशाळा आहे आणि १९२६ पासून वाडिया प्रसूतिगृह आहे. प्राणी, लस आणि बाळंतपण, तिन्ही हाकेच्या अंतरावर. तरी ही माहिती लालबागच्या चाळीत किंवा गिरगावातल्या टॉवरमध्ये का पोचत नाही?

माझं म्हणणं सरळ आहे. डुकरिणीला कुणी विचारत नाही, मालक पिल्लं मोजतो आणि सुई मारतो. बाईला विचारायलाच हवं, शरीर तिचं आहे. पण विचारायचं तर आधी सांगायला नको? तपासणीला गेल्यावर वजन, बीपी, सोनोग्राफी सगळं होतं. लशीचा विषय मात्र आपण काढला तरच निघतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. तो डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत काढावा. नाही काढला, तर तुम्ही काढा. नवरे मंडळींनो, तुम्हीसुद्धा. पाळण्याचा रंग ठरवायला नंतर भरपूर वेळ आहे.