पायाचं काय बघायचं?

आषाढ लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात रोवण्या सुरू होतात. पवनी, लाखांदूर, साकोली, मोहाडी, कुठंही जा. बांधीत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांची रांग दिसते. डोक्यावरून पाठीवर घेतलेलं मेणकापड, हातात पऱ्ह्यांची जुडी आणि ओठांवर गाणं. पेपरात दरवर्षी हा फोटो येतो. त्यात बायांची पाठ दिसते, हात दिसतात. पाय मात्र दिसत नाहीत, कारण ते चिखलात असतात.

आज मला त्या पायांबद्दलच लिहायचं आहे. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करायची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेतात रोवणीला येणाऱ्या एक मावशी लंगडत चालत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘टाचेले मस झाला जी बाई. पायात खडा रुतल्यावानी लागते.’’ पाय धुऊन बघितला. टाचेजवळ वाटाण्याएवढी कडक, खडबडीत गाठ आणि शेजारी तीन-चार बारीक. चामखीळच होती. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘‘रात्री भिलवा तापवून त्याचं तेल लावा. आमच्या आजी हेच करायच्या.’’

मी बी.ए. झालेली, बचत गटाच्या बैठकीत आरोग्यावर चार शब्द बोलणारी. मावशींनी माझं ऐकलं. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, टाचेला फोड आले, कातडी सोलली गेली आणि जखम चिघळली. त्या वर्षीची रोवणी त्यांना करता आली नाही. ज्या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवर पोरांची पुस्तकं, किराण्याची उधारी आणि पोळ्याचा सण चालतो, ती मजुरीच गेली. भेटायला गेले तेव्हा त्या मलाच समजावत होत्या, ‘‘तुमचा का दोस जी? माह्या पायालेच सोसलं नाही.’’

मैत्रिणींनो, ते वाक्य मला अजून टोचतं. बाई चूक दुसऱ्याची असली तरी दोष आपल्या पायाला देते!

त्यानंतर मी या चामखिळीच्या मागे लागले. डॉक्टरांना विचारलं, वाचलं. तेव्हा कळलं की, चामखीळ हे वाईट नजरेचं, पूर्वजन्मीच्या पापाचं किंवा ‘उष्णतेचं’ दुखणं नाहीच. तो एका विषाणूचा संसर्ग आहे. एचपीव्ही हे त्याचं छोटं नाव. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, त्यातले काही हातापायांवर चामखीळ आणतात. इटलीच्या चुफो नावाच्या डॉक्टरांनी १९०७ मध्येच दाखवून दिलं होतं की, चामखिळीचा अर्क अगदी बारीक गाळणीतून गाळला तरी त्यातून ती दुसऱ्या त्वचेवर येते. म्हणजे शंभर वर्षांहून जुनं हे ज्ञान आहे. आमच्या वाडीपर्यंत मात्र ते पोहोचलं नाही. भिलवा बरोबर पोहोचला!

हा विषाणू धडधाकट, कोरड्या कातडीतून सहसा आत जात नाही. त्याला फट लागते. दिवसभर पाण्यात राहून कातडी फुगते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, धसकटाने ओरखडे पडतात. ही झाली फट. चिखलातून चामखीळ येत नाही. ती येते माणसाकडून माणसाला. एकाच घाटावर, एकाच न्हाणीच्या फरशीवर अनवाणी पाय पडतात, एकमेकींच्या चपला घातल्या जातात. आणि घरातली ती पाय घासायची वज्री किंवा दगड! सासू त्यानेच टाच घासते, सून त्यानेच, पोरंही त्यानेच. टॉवेल बदलावा हे आपल्याला कळतं, पण घासायचा दगड प्रत्येकाचा वेगळा असावा हे कोणाच्या मनातही येत नाही. शिवाय संसर्ग झाल्यावर गाठ दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. रोवणीत शिरलेला विषाणू दिवाळीला डोकं वर काढतो. मग त्याचा संबंध रोवणीशी कोण जोडणार?

आता उपायांकडे येऊ. आपल्याकडे उपायांना तोटा नाही. घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात, रुईचा चीक लावतात, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावतात, पेटत्या उदबत्तीने डागतात, नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडने कापतात, देवाला मीठ वाहतात. प्रत्येक गावात ‘माझी तर त्यानेच गेली’ म्हणणारी एक तरी बाई भेटते, आणि ती खोटं बोलत नाही. कारण चामखीळ पुष्कळदा आपोआप जाते. आपल्या शरीराला उशिरा का होईना, त्या विषाणूची ओळख पटते आणि ते त्याला हुसकावून लावतं. लहान मुलांमध्ये निम्म्याहून जास्त चामखिळी दोन वर्षांत काही न करता जातात. अशा वेळी जो उपाय शेवटचा केलेला असतो, त्याला श्रेय मिळतं. श्रेय द्यायला माझी हरकत नाही. मीठ वाहिल्याने कोणाचा पाय जळत नाही. पण भिलव्याने जळतो. भिलवा म्हणजे बिब्बा, आंबा-काजूच्याच कुळातला. त्याच्या आतली गोडंबी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो, म्हणून तो आपल्याला घरचा वाटतो. पण त्याच्या टरफलातलं काळं तेल एवढं जहाल की, धोबी त्याने कपड्यांवर खुणा करत, आणि त्या धुऊनही जात नसत. असं तेल टाचेच्या कातडीवर लावायचं? ब्लेडने कापणं तर त्याहून वाईट. रक्त येतं, जखम पिकते आणि विषाणू शेजारच्या कातडीत पसरतो. एकाच्या पाच होतात.

मग करायचं काय? आधी ओळखायचं. तळपायाला कुरूपही होतं आणि चामखीळही. कुरूप थेट वरून दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते. तिच्यावर कातडीच्या रेषा तुटतात आणि आत बारीक काळे ठिपके दिसतात. त्याला बाया ‘मसाचं मूळ’ म्हणतात. ते मूळ नसतं, रक्त गोठलेल्या बारीक नसा असतात. तेव्हा मूळ उपटायच्या भानगडीत पडू नका.

औषधाच्या दुकानात सॅलिसिलिक ॲसिडचं द्रावण किंवा पट्टी मिळते. एकदा डॉक्टरांना दाखवून ते सुरू करावं. रात्री कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवायचा, पुसायचा, मेलेली कातडी आपल्या स्वतःच्या दगडाने हलकेच घासायची. आजूबाजूला व्हॅसलिन लावून औषध फक्त चामखिळीवर लावायचं. हे रोज, तीन महिने! दोन दिवसांत फरक मागणाऱ्या आपण, इथेच हरतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपाय असतो. ते उणे १९६ अंश इतकं थंड असतं आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करावं लागतं. जागा बधिर करून विजेच्या यंत्राने जाळण्याचाही उपाय आहे. पण खरं सांगायचं तर रामबाण यातला एकही नाही. इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये २४० जणांच्या तळपायांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गोठवणं आणि सॅलिसिलिक ॲसिड, दोन्ही गटांत १२ आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले होते फक्त १४ टक्के! म्हणजे तिथल्या बाईलाही धीरच धरावा लागतो. तेव्हा ‘एका दिवसात मुळासकट’ अशी पाटी लावून बसलेला कुणी भेटला, तर त्याच्यापुढे पाय करू नका आणि पाकीटही उघडू नका.

काही जणींनी मात्र घरी काहीच करू नये. ज्यांना शुगर आहे, ज्यांच्या पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे, त्यांनी ॲसिडला हातही लावू नये, सरळ डॉक्टर गाठावा. चेहऱ्यावर आणि नाजूक जागी हे औषध लावायचं नाही. नाजूक जागी गाठ आली तर ती लाज बाजूला ठेवून डॉक्टर बाईंना दाखवायचीच. पोरींच्या हातावरची चामखीळ बघून काही जणी घाबरतात की, हाच तो गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा विषाणू का? घराणं तेच, पण भावंडं वेगळी. हातापायावरच्या साध्या चामखिळीतून तो कॅन्सर होत नाही.

आणि प्रत्येक खडबडीत गाठ चामखीळच असते असंही नाही. तळपायावरचा काळा डाग वाढत असेल, गाठ सारखी रक्ताळत असेल, चट्ट्याला स्पर्शच कळत नसेल, तर थांबू नका. आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आढळतो, आणि वेळेत धरला तर तो औषधाने पूर्ण बरा होतो. ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावात लोकांच्या तळहात-तळपायांवर अशाच कडक गाठी येत होत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तपासणी झाली, तेव्हा पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. ‘मसच तर आहे’ म्हणून बसलो असतो, तर पाण्यातलं विष कधी कळलं असतं का?

हे सगळं ऐकून मावशींनी मला विचारलं होतं, ‘‘पायाच्या मसासाठी दवाखान्यात कोन जाते जी?’’ मला वाटतं, खरं दुखणं इथेच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो. त्याचा खूर दुखावला तर जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. जायलाच हवा, तो लक्ष्मीचा पाय! पण ज्या पायांनी सगळी रोवणी होते, त्या पायांसाठी घरातून एस.टी.चं भाडं निघत नाही. नवरा देत नाही असं नाही, बाई मागतच नाही. ‘पायाचं काय बघायचं? चालता येते ना?’ हे तिने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं. मजुरी लावणाऱ्या आमच्यासारख्यांनाही रांग पूर्ण झालेली हवी असते. रांगेतली एक बाई लंगडते आहे, हे आम्हाला उशिरा दिसतं.

पैशाची अडचण असेल तर एक ध्यानात ठेवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले. जिल्ह्याच्या ठिकाणी एक चक्कर, एवढीच गुंतवणूक. एकटीला जमत नसेल तर गटाने जा.

आमच्या गटात आम्ही आता एक साधी गोष्ट करतो. रोवणी संपली की पहिल्या बैठकीत बादलीभर कोमट पाणी, साबण आणि स्वच्छ फडकी ठेवतो. हप्ते जमा करायच्या आधी प्रत्येक जण पाय धुते, कोरडे करते आणि एकमेकींचे तळवे बघते. पहिल्या वर्षी सगळ्या लाजून पाय पदराखाली घेत होत्या. एक तर म्हणाली, ‘‘बाई, लग्नात नवरीचे पाय धुतले होते, त्यानंतर आजच!’’ सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

मावशींचं म्हणाल, तर जखम भरली. नंतर डॉक्टरांना दाखवून साडेतीन महिने त्यांनी नेमाने औषध लावलं. मोठी गाठ गेली. बारीक एक पुन्हा उगवली आहे. पण या वेळी त्यांनी भिलवा लावला नाही, ब्लेडही घेतलं नाही. त्यांनी सरळ मला सांगितलं, ‘‘पुढच्या बुधवारी जिल्ह्याले चलान का जी? पाय दाखवाचा आहे.’’

‘पाय दाखवाचा आहे.’ एवढंच म्हणायला तुम्हीही शिका, मैत्रिणींनो. आज रात्री झोपण्याआधी दिवा जवळ घ्या आणि आपले तळवे एकदा नीट बघा. मग सासूबाईंचे बघा, मुलीचे बघा. आणि न्हाणीतला तो एकच दगड उद्या बदला.